ब्रॅडफर्डच्या भिंतीवरचं दुमजली घर

इंग्लंडहून आलेल्या माणसाकडे लोक फार अपेक्षेने बघतात. चिपळूणला परतल्यावर शेजारच्या बायकांनी मला मध्ये बसवून विचारलं, "काय काय पाहिलंत तिकडे?" मी म्हटलं, "लंगोट." त्या हसल्या. मी मात्र खरं तेच सांगितलं होतं. मी सहा महिने राहिले ते मुलीच्या बाळंतपणासाठी. राणीचा राजवाडा, ते मोठं घड्याळ, नदीवरचा उघडणारा पूल, यातलं काहीही मी पाहिलेलं नाही. नॉटिंगहॅमच्या दोन खोल्या, त्यांच्या खिडकीतला पाऊस आणि नातवाचे लंगोट, एवढीच माझी विलायत. वयाच्या बासष्टाव्या वर्षी रात्रीची जागरणं सोसत नाहीत आणि हे मुलींना सांगूनही पटत नाही.

पण एक भिंत पाहिली. ब्रॅडफर्ड नावाच्या गावात, एका उतारावरच्या रस्त्याच्या टोकाला. तिच्याविषयी लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत आणि ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून लिहायचं धाडस करते.

माझी मुलगी मुक्ता एका लहानशा संस्थेत काम करते. वस्तीतल्या माणसांना बरोबर घेऊन भिंतींवर मोठमोठी चित्रं करायची, हे त्यांचं काम. तिकडे बाळंतपणाच्या रजेत असतानाही थोडे दिवस कामावर जाऊन यायची सोय असते. ब्रॅडफर्डला रोहिंग्या लोकांची वस्ती आहे. त्यांच्या संस्कृतीचं एक चित्र तयार होत होतं. ते मुक्ताने रजेआधी सुरू केलेलं, त्यामुळे शेवटचा आठवडा तिला तिथे हवाच होता. बाळ बाटली तोंडात धरत नव्हता. जावई हॉस्पिटलात पाळ्यांवर. तेव्हा बाळाबरोबर मीही निघाले. मला कोणी विचारलं नाही. मुक्ता म्हणाली, "आई, तुला पण चेंज मिळेल," आणि बॅग भरायला लागली.

रोहिंग्यांविषयी मला पेपरात आलं होतं तेवढंच ठाऊक. म्यानमारमधल्या आराकानचे मुसलमान; तिथलं सरकार त्यांना आपलं मानत नाही, गावं जाळली, लाखो माणसं पुन्हा पुन्हा नदी ओलांडून बांगलादेशात छावण्यांत जाऊन राहिली. पेपरातला फोटो नेहमी चिखलाचा असायचा. त्यांचं 'संस्कृतीचं चित्र' म्हणजे काय असेल, याची मला कल्पना करता येत नव्हती.

सोमवार

ब्रॅडफर्ड म्हणजे नुसता चढउतार. घरं एकाला एक चिकटलेली, दगडाची. दगड मुळात मधाच्या रंगाचा असावा, पण कापडगिरण्यांच्या धुराने काळवंडलेला. गिरण्या कधीच बंद पडल्या, धूर मात्र दगडात राहिला. मिठाईची दुकानं, कापडाची दुकानं, पाट्यांवर उर्दू. मी उभी हयात वीज खात्यात काढली, त्यामुळे कुठल्याही गावात गेले की आधी वर बघते. तारा जवळपास नाहीतच, सगळं जमिनीखालून. मला अशा गावांचा थोडा रागच येतो. कुठे काय बिघडलंय ते दिसतच नाही.

हॉटेलची खोली एवढीशी. बाळाचं पोट दुखत होतं आणि तो पाय पोटाशी घेऊन रडत होता. मुक्ता खाली फोनवर. मी बरोबर नेलेला ओवा फडक्यात बांधला, खोलीतली इस्त्री उलटी ठेवली आणि तिच्यावर पुरचुंडी शेकायला ठेवली. घरी तव्यावर करतो तसंच. बाळाला उचलून खांद्यावर घेतलं तेवढ्यात फडकं करपलं, धूर झाला, आणि छताला लावलेलं यंत्र असं काही केकाटायला लागलं की बाळ रडायचाच थांबला. पाच मिनिटांत आख्खं हॉटेल रिमझिम पावसात फुटपाथवर. एक गोरा म्हातारा ओल्या केसांनिशी, टॉवेल गुंडाळून, माझ्याकडे बघत उभा. मी बाळाला पदराखाली घेतलं आणि दुसरीकडे बघत राहिले.

"आई, आपल्याला काढतील हॉटेलमधून," मुक्ता म्हणाली.

"काढू देत. पोराचं पोट दुखायचं राहिलं की नाही बघ."

राहिलं होतं. ते ओव्याच्या धुराने की भीतीने, हे सांगता येणार नाही.

मंगळवार

एका जुन्या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बायका जमायच्या. पंधराएक बायका जमिनीवर सतरंजी टाकून भरतकाम करत होत्या. इथली गंमत अशी की चित्र आधी चित्रकाराने काढायचं नाही. बायकांनी आपल्याला आठवेल ते कापडावर भरायचं, आणि केटी नावाची चित्रकार ते भिंतीवर मोठं करून रंगवणार, अगदी टाक्यांसकट. रोहिंग्यांकडे भरलेली कापडं घराच्या भिंतीला लावायची रीत आहे. कुणी मासे भरले होते, कुणी विड्याच्या पानांचा वेल, कुणी नदी आणि नदीत होडी. चिखल कुणीच भरला नव्हता.

मी जमिनीवर बसले आणि मला फार बरं वाटलं. तिकडे गेल्यापासून एवढ्या बायका जमिनीवर बसलेल्या पाहिल्या नव्हत्या.

हमीदा तिथेच भेटली. तिशीची, किरकोळ, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. छावणीत सिनेमे बघून हिंदी शिकलेली, त्यामुळे आमचं जमलं. सोमवारचा प्रताप मुक्ताने सगळ्यांना सांगून टाकला होता. हमीदाने हसत हसत बाळाला माझ्या मांडीवरून उचललं, पर्समधून एक बाटली काढली आणि लसूण घालून कढवलेलं मोहरीचं तेल त्याच्या बेंबीभोवती चोळलं. मग काजळाची डबी काढून त्याच्या कपाळाच्या कडेला ठसठशीत तीट लावली. मुक्ताने घरी मला तीट लावू दिली नव्हती. "काजळात लेड असतं, आई." इथे ती नुसती बघत राहिली.

"तुझं कुठलं गं यातलं?" मी हमीदाला विचारलं.

तिने पायाशी गुंडाळून ठेवलेलं कापड उलगडलं. दुमजली लाकडी घर. वर लांबलचक सज्जा, सज्ज्याला कठडा, बाहेरून वर जाणारा जिना, बाजूला आंब्याचं झाड, पुढे अंगण. एवढं बारीक भरलेलं की आंब्याला मोहर दिसत होता. चित्राच्या मधोमध हेच घर येणार होतं.

"हे माझ्या आईचं घर," ती म्हणाली. "मी पाहिलेलं नाही. माझा जन्म कॅम्पातला. आई सांगते, मी भरते."

"मोठं आहे घर."

"हो ना." तिने कापडावरून हात फिरवला. "आंटी, इथे आपली माणसंसुद्धा आम्हाला कॅम्पवाले म्हणतात. जे आधी आले, ज्यांची तिकडे शेतं होती, ते. माझ्या मुलीला शाळेत विचारतात, तुमचं गाव कसं होतं? ती काय सांगणार? ताडपत्री? आम्ही काही जन्माचे कॅम्पवाले नव्हतो. ते आता भिंतीवर दिसेल. सगळ्यांना दिसेल."

तिची आई सेनुआरा अजून तिथेच, छावणीत आहे. हमीदा लग्न होऊन सासरच्यांबरोबर इथे आली. आईला आणायचे सगळे प्रयत्न करून झाले. मला सहा महिन्यांचा व्हिसा बसल्या जागी मिळाला होता. मी बरोबर डिंकाचे लाडू आणि मेतकूट आणलं होतं, आणि जिना चढावा लागतो म्हणून कुरकुरत होते. सेनुआराने हमीदाच्या एकाही मुलाला हातात घेतलेलं नाही. हे ऐकल्यावर मला माझीच लाज वाटली, पण गुडघे काही त्यामुळे दुखायचे थांबले नाहीत.

बुधवार

हमीदाने जेवायला बोलावलं. मुक्ता भिंतीपाशी अडकलेली, तेव्हा बाळ आणि मी दोघेच गेलो. दारातच सुक्या मासळीचा वास आला आणि मी चक्क थांबले. मुक्ताच्या घरी मी सुकट तळली होती तेव्हा जावयाने सौजन्याने सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. इथे खिडक्या बंद होत्या. तांदळाच्या पिठाच्या पातळ भाकऱ्या, मासळीचं तिखट कालवण, आणि मध्ये ताटात आख्खी कोंबडी, न तोडता शिजवून तळलेली. ही म्हणे जावयाला नाहीतर व्याह्यांना वाढतात. मी म्हटलं, "मी यातलं कोण?" हमीदा म्हणाली, "तुम्ही ओव्यावाल्या आंटी." भाकरी आमच्याहून पातळ, उकड मात्र तशीच काढतात. मी तिसरी घेतली तेव्हा कुठे तिला मी जेवले असं वाटलं.

जेवण आटोपतंय तोच तिचा फोन वाजला. सेनुआरा. छावणीत नेटवर्क धरत नाही, म्हणून ती एका टेकाडावर, चहाच्या टपरीमागे जाऊन फोन लावते. पडद्यावर सुरकुतलेला, लहानसा चेहरा. तिने आधी बाळाला पाहिलं, तीट आहे ना ते पाहिलं, मग थेट कामाला लागली. हमीदाने सकाळी काढलेला भिंतीचा फोटो पाठवला होता.

ती भराभर काहीतरी बोलत होती आणि हमीदा कपाळाला हात लावून बसली होती.

"काय झालं?"

"कठड्याचा एक खांब बांबूचा पाहिजे म्हणते. सगळे लाकडी, एकच बांबूचा. जिन्यापासून तिसरा. मी कापडावरसुद्धा दोनदा उसवून भरला. मी म्हटलं, अम्मा, एवढं मोठं घर, त्याला एक बांबू कशाला? म्हणते, होता. होता म्हणजे होता. आता केटीला सांगावं लागेल."

"का होता बांबू?"

हमीदाने विचारलं. म्हातारीने फोनमधून माझ्याकडे पाहिलं, एक शब्द बोलली आणि टपरीकडे बघत राहिली.

"म्हणते, आठवत नाही."

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या आईलाही कधी कुठली कडी तुटली ते आठवायचं, कशाने ते आठवायचं नाही.

गुरुवार

भिंत म्हणजे रांगेतल्या शेवटच्या घराची खिडकी नसलेली बाजू. विजेच्या खांबावर काम करायला आमच्या खात्यात परडीची गाडी असते तसल्याच गाडीत उभी राहून केटी वर रंगवत होती. टाके हातभर लांबीचे झाले होते. नदी, होडी, वेल सगळं पुरं होत आलं होतं, आणि त्या दिवशी ती सज्ज्याच्या कठड्यावर आली होती. समोरच्या बाकावर मी बाळाला घेऊन बसले. पाऊस थांबला होता, पण बाक ओला होता. पन्नास पावलं चालले की तिकडे मला बसावंसं वाटायचं, मग बाक ओला का असेना.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला नूरुल चाचा बसले होते. त्यांना सगळे मानायचे. लोकरीची टोपी, पांढरी दाढी, हातात काठी. बिस्किटांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. हमीदाच्या खूप आधी, दुसऱ्याच वाटेने ते या देशात आले. मुक्ताच्या तोंडून मी त्यांचं नाव ऐकलं होतं, कारण शनिवारच्या उद्घाटनाला समाजातर्फे तेच बोलणार होते.

"तुम्ही त्या मॅडमच्या आई ना?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"मॅडम कसली, पोरगी आहे माझी."

ते वर बघत होते. केटीने कठड्याचा तिसरा खांब हिरवट पिवळा केला, त्याला पेरं काढली.

"हे घर कुणाचं म्हणून तुम्हाला सांगितलंय?"

"हमीदाच्या आईचं."

त्यांनी मान डोलावली. "तिथून माझा धाकटा भाऊ पतंगामागे पळताना कठड्यासकट खाली पडला. पाय मोडला त्याचा. वडिलांनी तिथे बांबू ठोकला. म्हणाले, पुढच्या वर्षी सागवान आणू. पुढच्या वर्षी आम्ही तिथे नव्हतो."

मला आधी वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. त्यांनी ते ओळखलं असावं.

"माझं घर आहे ते, बाई. सेनुआरा आमच्याकडे कामाला होती. लहान होती तेव्हापासून. अंगण झाडायची, वरचा सज्जा पुसायची, माझ्या आईचे पाय चेपायची. ती आणि तिचा बाप तळ्याच्या बांधावर खोपटात राहायचे. मी हमीदाला आईचं नाव विचारलं, आजाचं विचारलं, गाव विचारलं. तिने सगळं नीट सांगितलं. मी पुढे काही बोललो नाही."

"मग हमीदाला..."

"तिला काही माहीत नाही. आईने जे सांगितलं तेच तिला खरं."

बाळ हातात जड झाला होता. मी त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. माझ्या तोंडून खात्यातलाच प्रश्न आला. "वीज होती का घरात?"

"नाही. दोन कंदील होते. संध्याकाळी सेनुआराच लावायची."

 आधी सैन्याने ते घर घेतलं, मग पुढे कधीतरी ते जळलं असं त्यांच्या कानावर आलं. फोटो एकही नाही. "माझी बायको शेवटी शेवटी विचारायची, जिन्याखाली आपण काय ठेवायचो? मला सांगता यायचं नाही. परवा या रंगवणाऱ्या मुलीने जिन्याखाली भाताचा कणगा काढला. कणगाच होता. बायको गेली, आता कुणाला सांगू?"

"मग बरंच झालं की," मी म्हटलं. "घर तरी दिसलं तुम्हाला."

"बरं झालं?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "खाली पाटी लागणार आहे. 'माझ्या आईचं घर.' इंग्रजीत. मला आधी दाखवली. तिकडचं सरकार आमच्याविषयी खोटं लिहितं. म्हणतं, तुम्ही इथले नव्हताच, तुमची घरं नव्हतीच. आता आमच्याविषयी खोटं आम्हीच लिहायचं? माझं घर सैन्याने नेलं ते नेलं. आता कामवाली नेणार? आपल्या मुलीला सांगा, पाटी बदलायला."

मला राग आला. खरं सांगायचं तर तो त्यांच्यावर नव्हता. मला कोणी काही सांगू नये, मला काही ठरवायला लावू नये, एवढीच त्या दिवसांत माझी इच्छा होती.

"मी इथे मूल सांभाळायला आलेय, चाचा. पाट्या लावणारी मी नव्हे. तुमचं घर, तुमचं गाव. तुम्हाला बोलायचं असेल तर बोला."

"बोलेन. शनिवारी मलाच बोलायचंय. काय खरं ते सांगेन."

"सगळ्यांसमोर?"

"खोटं सगळ्यांसमोर लावणार, मग खरं काय कानात सांगू?"

"हमीदा समोर उभी असेल. तिच्या हातात फोन असेल आणि फोनमध्ये तिची आई असेल."

"मला माहीत आहे," ते म्हणाले, आणि काठी टेकत उठले.

शुक्रवारी पावसाने काम होऊ दिलं नाही, आणि मी दिवसभर मुक्ताला सांगू की नको करत राहिले. सांगितलं असतं तर ती तिच्या पद्धतीने, नीट, नियमाने वागली असती. हमीदाला एका खोलीत बसवून, समोर चहा ठेवून, हळुवार आवाजात विचारलं असतं. त्यापेक्षा वाईट मला काही सुचेना. आणि चाचांचं म्हणणं खोटं तरी कुठे होतं? ज्याचं जळतं त्याला कळतं. त्यांचं घर खरोखरच जळलं होतं. पण सेनुआराचं काय? पोर छावणीत ताडपत्रीखाली विचारत असेल, अम्मा, आपलं घर कसं होतं? बांधावरचं खोपटं तिने सांगितलं नाही. जे घर ती रोज पुसत होती ते सांगितलं. मीही कदाचित तेच केलं असतं. संध्याकाळपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं आणि मी मुक्ताला एवढंच म्हटलं की मला लवकर झोपायचंय.

शनिवार

सकाळी परडीची गाडी गेली आणि भिंत मोकळी झाली. मी आठवडाभर तिचे तुकडेच पाहिले होते. सबंध पाहिल्यावर मी बाळाला उगाच तिच्याकडे तोंड करून धरलं. काळवंडलेल्या दगडांच्या रांगेत ते पिवळं, हिरवं, लाल घर, मागे नदी. कुठे आग नाही, कुठे शिपाई नाही. शेजारच्या घरातली एक गोरी म्हातारी दारात येऊन म्हणाली की तिच्या खिडकीत आता हिवाळ्यातही आंबा दिसेल.

माणसं बरीच जमली. रिमझिम होती, पण तिकडे त्याला पाऊस म्हणत नाहीत. कौन्सिलचा, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेचा माणूस आला, छत्रीखाली उभा राहून बोलला. मुक्ता बोलली. भिंत झाकता येत नाही म्हणून नुसत्या पाटीवर कापड टाकलं होतं. ते ओढलं. 'माझ्या आईचं घर', खाली गावाचं नाव. टाळ्या झाल्या. हमीदा ठेवणीतल्या कपड्यांत, हातात फोन उंच धरून उभी. पडद्यावर सेनुआरा होती. तिकडे संध्याकाळ होत आलेली. तिने चांगली ओढणी घेतली होती.

मग मुक्ताने चाचांचं नाव घेतलं.

ते मायकपाशी आले.  मी हमीदाच्या शेजारी जाऊन उभी राहिले. का, ते मला माहीत नाही. मी काय करणार होते? फार तर बाळ तिच्या हातात देणार होते.

चाचांनी हमीदाकडे पाहिलं, मग फोनकडे. फोनमधल्या बाईने त्यांना पाहिलं. तिने त्यांना ओळखलं ते मला दिसलं. तिचा चेहरा एकदम कोरा झाला, आणि मालक अंगणात आले की कामाची बाई जशी बाजूला सरकते तशी ती पडद्याच्या कडेला सरकली. हमीदाला वाटलं फोन हलला. तिने तो पुन्हा नीट धरला.

चाचा मायकवर काही बोलले नाहीत. ते वळले, काठी टेकत भिंतीपर्यंत गेले आणि रंगवलेल्या अंगणासमोर, जिथे कुंपणाची कड काढली होती तिथे, फुटपाथवर थांबले. भिंतीकडे तोंड, आमच्याकडे पाठ. मग ते खाकरले. चांगले मोठ्याने, दोनदा.

केटी पाण्याची बाटली घेऊन धावली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला ठसका लागला. मला मात्र ते खाकरणं ओळखीचं होतं. माझे सासरे स्वयंपाकघराकडे येताना असेच खाकरायचे आणि आम्ही सुना पदर सावरायचो. परक्याच्या अंगणात पाय टाकण्याआधी पुरुष असा खाकरतो, घरातल्या बाईला कळावं म्हणून. आपल्या स्वतःच्या घरापुढे असं कुणी उभं राहत नाही. जमलेल्या बायका हसल्या आणि लटक्याने ओढण्या पुढे ओढल्या. त्यांना चाचांचं कौतुक वाटलं.

"हमीदा," चाचा मागे न वळता म्हणाले, "तुझ्या आईला सांग, पाहुणा आलाय."

हमीदाने सांगितलं.  फोनमधून अगदी बारीक आवाजात उत्तर आलं आणि हमीदा आनंदाने मोठ्यांदा सगळ्यांना सांगायला लागली, आधी इंग्रजीत, मग माझ्यासाठी हिंदीत. "अम्मा म्हणते, बाहेर का उभे? आत या, बसा. पान लावते."

चाचा वळले. फोनपाशी येऊन थांबले. त्यांचे डोळे लाल झाले होते. ते त्यांच्या भाषेत बोलले, आणि हमीदाने माझ्या कानाशी सांगितलं, "चाचा म्हणतायत, आज बसत नाही, बाई. नुसतं बघायला आलो होतो. तुम्ही घर फार चांगलं ठेवलंय."

पुन्हा टाळ्या झाल्या. मुक्ता डोळे टिपत टाळ्या वाजवत होती, काय चाललंय ते कळल्याशिवायच. फोनवर बराच वेळ आवाज आला नाही. नेटवर्क गेलं असं वाटून हमीदा फोन वर करून हलवायला लागली, अम्मा, अम्मा म्हणत राहिली. नेटवर्क गेलं नव्हतं. मी हमीदाहून उंच, म्हणून मला पडदा दिसत होता, म्हातारीने ओढणी तोंडावर दाबून धरली होती आणि ती हमसून हमसून रडत होती.